एलिया लेव्हिटा आणि हिब्रूच्या टिंबांचं वय

प्रश्न असा आला: "हिब्रू व्याकरणाच्या पुस्तकांत एलिया लेव्हिटा हे नाव सारखं भेटतं. हा माणूस ज्यू. मग रोममध्ये एका कार्डिनलच्या घरी इतकी वर्षं काय करत होता? आणि बायबलमधली स्वरचिन्हं खोटी आहेत असं त्याने सिद्ध केलं, हे खरं का?"

आधी तो 'खोटी' शब्द बाजूला काढू. लेव्हिटा तसं कधीच म्हणाला नाही. त्याच्या म्हणण्याचे दोन भाग होते. पहिला: चिन्हं उशिराची आहेत. दुसरा: ती चिन्हं जो उच्चार दाखवतात, तो मात्र उशिराचा नाही. त्याच्या मित्रांनी काय आणि शत्रूंनी काय, पहिला भाग उचलला आणि दुसरा तिथेच टाकून दिला. मी 22 वर्षं बायबलचं हिब्रू शिकवतोय. दर तुकडीत कोणीतरी हाच गोंधळ घेऊन येतं. म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

ज्यांनी हिब्रू पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं लिपीबद्दल. अक्षरं 22, आणि सगळी व्यंजनं. त्यातली तीन-चार अधूनमधून स्वरांचं काम करतात, पण भरवशाने नाही. द-ब-र ही तीन अक्षरं घ्या. 'दावार' वाचलंत तर शब्द किंवा गोष्ट, 'देव्हेर' वाचलंत तर रोगाची साथ, 'दिब्बेर' वाचलंत तर तो बोलला. (मधलं अक्षर कधी ब, कधी व्ह ऐकू येतं, तो वेगळा धडा.) कुठला शब्द, ते संदर्भावरून ठरवायचं. इस्राएलमधली वर्तमानपत्रं आजही अशीच छापतात आणि कोणाचं अडत नाही. मोडीतली जुनी पत्रं वाचलेल्यांना याची थोडी कल्पना येईल. मोडी लिहिणारा ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नसे, कारण वाचणाऱ्याला भाषा येत होती. हिब्रू त्याच्या कितीतरी पुढे गेली. तिने स्वरच सोडून दिले.

बायबलच्या छापील प्रतीत मात्र प्रत्येक अक्षराखाली, वर किंवा पोटात टिंबं आणि बारीक रेघा दिसतात. ती स्वरचिन्हं. त्यांच्याबरोबर पठणाच्या सुरावटीची आणखी चिन्हं असतात. ही सगळी कधी आली, हा लेव्हिटाचा प्रश्न.

त्याचा जन्म 1469 चा, न्यूरेम्बर्गजवळच्या नॉयश्टाट गावचा. 'लेव्हिटा' हे हालेवी या आडनावाचं लॅटिन रूप. ज्यू लोक त्याला एलियाहू बाखुर म्हणतात. बाखुर म्हणजे तरुण, आणि निवडलेलाही. तरुणपणीच तो इटलीत आला. 1504 च्या सुमारास तो पादुआत शिकवत होता. तिथे विद्यार्थ्यांसाठी त्याने मोशे किमखीच्या छोट्या व्याकरणावर विवरण लिहिलं आणि नक्कल करायला एकाच्या हाती दिलं. नकलाकाराने त्यात भलत्याच पुस्तकातले उतारे घुसडले आणि 1508 मध्ये पेसारोला ते छापून टाकलं. लेव्हिटाचं नाव कुठेच नाही. गंमत म्हणजे पुस्तक तुफान चाललं. युरोपभर ख्रिस्ती विद्वान त्यावरून हिब्रू शिकू लागले, आणि बरीच वर्षं त्यांना लेखक कोण हे ठाऊक नव्हतं. शुद्ध केलेली प्रत स्वतःच्या नावाने काढायला लेव्हिटाला म्हातारपण यावं लागलं.

1509 मध्ये पादुआ लुटलं गेलं. होतं नव्हतं ते गेलं. व्हेनिसमार्गे तो रोमला पोहोचला आणि तिथे त्याची गाठ एजिदिओ दा व्हितेर्बो या माणसाशी पडली.

एजिदिओ ऑगस्टिनियन संघाचा प्रमुख होता. मार्टिन लूथर याच संघाचा संन्यासी. तो तरुणपणी रोमला आला तेव्हा संघाचा मुख्य एजिदिओच होता. 1517 मध्ये एजिदिओ कार्डिनल झाला. त्याला ओढ होती कब्बालाची, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येची, आणि ती मुळातून वाचायची तर हिब्रू आणि तिची भगिनी भाषा अरामी आलीच. लेव्हिटाने नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की तो भेटायला गेला तेव्हा कार्डिनलने त्याला मिठी मारली, इथेच राहा, मला शिकव, तुझं आणि तुझ्या घरच्यांचं मी बघतो, असं म्हणाला. लेव्हिटा बायकामुलांसह दहा-बारा वर्षं त्याच्या आश्रयाला राहिला. कार्डिनल त्याच्याकडून हिब्रू शिके, तो कार्डिनलकडून ग्रीक. शिवाय कब्बालाच्या पोथ्यांच्या नकला तो कार्डिनलसाठी करून देई. तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शिकवणी आणि लेखनिकी. पोटासाठी.

पण ते पोटापुरतंच राहिलं नाही. परधर्मीयाला तोरा (मोशेची पाच पुस्तकं) शिकवू नये, असं वचन ताल्मुदात, म्हणजे रब्बींच्या वादचर्चांच्या जुन्या संग्रहात, आहे, आणि काही रब्बींनी लेव्हिटाला त्यावरून धारेवर धरलं. त्याचा बचाव मला आवडतो, कारण त्यात आढेवेढे नाहीत. आपण भाषा शिकवतो, धर्माची गुपितं शिकवत नाही, असं तो म्हणतो. पुढे हेही म्हणतो की हिब्रू कळणारे हे ख्रिस्ती आपल्या लोकांशी चांगले वागतात, आपल्या बाजूने उभे राहतात. ही नुसती सारवासारव नव्हती. त्याच सुमारास जर्मनीत ज्यूंची पुस्तकं जप्त करून नष्ट करण्याचा घाट घातला गेला होता, तेव्हा 1510 मध्ये त्याविरुद्ध लेखी मत दिलं ते योहान रॉइखलिनने. रॉइखलिन ख्रिस्ती. 1506 मध्ये हिब्रूचं व्याकरण आणि कोश त्याने लॅटिनमध्ये छापला होता, आणि हिब्रू तो ज्यू गुरूंकडेच शिकला होता.

आता व्याकरण. रोममध्ये 1518 साली लेव्हिटाची दोन पुस्तकं निघाली. त्यातलं मुख्य 'सेफेर हाबाखुर', कार्डिनलला अर्पण केलेलं. त्याचे चार भाग, प्रत्येकात तेरा प्रकरणं, एकूण 52. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं. 'एलियाहू' या नावाची बेरीज 52 होते. पुस्तकाच्या सांगाड्यातच सही करून ठेवली पठ्ठ्याने! पादुआच्या अनुभवानंतर हे नुसतं कौतुकाचं वाटत नाही. या पुस्तकाचं नाव कोणी खरवडलं तरी सही पुसणार नव्हती.

पुस्तकाचा विषय हिब्रूचं क्रियापद. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला ते परकं वाटणार नाही. धातू बहुधा तीन व्यंजनांचा, आणि तो सात साच्यांतून फिरतो. क-त-व घ्या, म्हणजे लिहिणं. 'काताव' म्हणजे त्याने लिहिलं, 'निख्ताव' म्हणजे लिहिलं गेलं, 'हिख्तिव्ह' म्हणजे त्याने लिहवलं. आपला 'करणे-करवणे' हा प्रयोजक भेद इथे धातूच्या पुढे एक अक्षर लावून आणि आतले स्वर बदलून होतो. म्हणजे स्वर हलला की व्याकरण हललं. जो माणूस दिवसभर हे साचे मोठ्या वयाच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांना शून्यापासून समजावतो, त्याचं लक्ष टिंबांकडे जाणारच. ज्यूंच्या घरात मूल वाचायला शिकतं ते कानाने. टिंबं त्याला आधार देतात एवढंच. कार्डिनलला कान नव्हता, त्याला सगळं टिंबांवरूनच उभं करावं लागलं. ही चिन्हं वेगळी काढून एक स्वतंत्र वस्तू म्हणून पाहायची सवय लेव्हिटाला या शिकवण्यांतून लागली असावी, असं मला वाटतं. हा माझा अंदाज, पण शिकवणाऱ्याचा अंदाज आहे.

एक उदाहरण देतो, कारण त्याचा हा भाग आजही रोजच्या वापरात आहे. हिब्रूत 'शेवा' नावाचं चिन्ह आहे, अक्षराखाली दोन उभी टिंबं. कधी ते अगदी निसटता स्वर दाखवतं, कधी काहीच नाही. चिन्ह एकच. भाषाशास्त्रातला 'श्वा' हा शब्द इथूनच आला. मराठी माणसाला ही अडचण घरचीच आहे: 'बसला' लिहितो पण 'बस्ला' म्हणतो, 'घर' लिहितो पण शेवटचा अ गिळतो, आणि कुठे गिळायचा हे कोणी शिकवत नाही. परक्याला मात्र शिकवावं लागतं. शेवा कधी उच्चारायचा याचे पाच नियम लेव्हिटाच्याच नावाने शिकवतात, आणि ते वर्णमालेच्या पहिल्या पाच अक्षरांत बसवलेले आहेत. आलेफ म्हणजे एक: शब्दाच्या पहिल्या अक्षराखालचा शेवा उच्चारायचा. बेत म्हणजे दोन: लागोपाठ दोन आले तर दुसरा. गिमेल म्हणजे 'गेदोला', मोठा: दीर्घ स्वराच्या मागून आलेला. दालेत म्हणजे 'दागेश': ज्या अक्षराच्या पोटात द्वित्वाचं टिंब आहे त्याच्याखालचा. पाचवं अक्षर 'हे', म्हणजे 'हादोमोत', सारखी: एकच अक्षर दोनदा आलं तर पहिल्याखालचा. मी हे फळ्यावर न लिहिता बोटांवर म्हणवून घेतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या शिकवणीतून आलेली युक्ती आहे, आणि तिच्याहून सोपी मला अजून सापडलेली नाही. (तिसऱ्या नियमाला आजचे अभ्यासक नाक मुरडतात, जुन्या तिबेरियन, म्हणजे गालीलमधल्या तिबेरियस शहराच्या, उच्चारात तो तसा नव्हता म्हणून. बरोबर आहे त्यांचं. तरी पहिल्या वर्षाला मी तो शिकवतोच.)

मे 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगारी सैन्याने रोम लुटलं. लेव्हिटाचं घर दुसऱ्यांदा धुऊन गेलं, हस्तलिखितंही गेली. वय 58. तो व्हेनिसला आला आणि डॅनियल बॉम्बर्गच्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून राहिला. बॉम्बर्ग अँटवर्पचा ख्रिस्ती व्यापारी, पण त्या काळातली सगळ्यात देखणी हिब्रू पुस्तकं त्याच्याकडे छापली जात. बायबलची भाष्यांसह आणि मासोरासह (मासोराबद्दल पुढे सांगतो) ती प्रसिद्ध आवृत्ती 1524-25 मध्ये तिथूनच निघाली होती.

व्हेनिसमध्ये लेव्हिटाचा एक विद्यार्थी होता जॉर्ज द सेल्व्ह, लाव्होरचा बिशप आणि फ्रान्सचा राजदूत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत होल्बाइनचं 1533 चं एक मोठं चित्र आहे, दोन राजदूत उभे आहेत आणि त्यांच्या पायांशी तिरकी ताणलेली कवटी. त्यातला उजवीकडचा, लांब गडद झग्यातला, तो हाच. याच्या पाठबळावर लेव्हिटाने मासोराची प्रचंड शब्दसूची पुरी केली. वीसहून जास्त वर्षं तो तिच्यावर काम करत होता. ती पॅरिसला गेली आणि त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने त्याला पॅरिसला हिब्रूचा प्राध्यापक म्हणून बोलावलं होतं. त्याने नकार दिला. फ्रान्समधून ज्यूंना 1394 मध्ये हाकलून दिलेलं होतं. राजाच्या मेहरबानीने एकटाच ज्यू म्हणून जिथे राहावं लागेल, तिथे तो गेला नाही. कार्डिनलच्या घरी राहणारा माणूस धर्म सोडायला निघाला होता, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा नकार लक्षात घ्यावा.

मासोरा म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बायबलच्या पानाच्या समासांत, वर आणि खाली, बारीक अक्षरांत नोंदी असतात: हा शब्द या रूपात अमुक वेळा येतो, हा फक्त इथेच येतो, इथे लिहिलंय एक पण वाचायचं दुसरं. आपल्याकडे वेदपाठ्यांनी पदपाठ, क्रम, जटा, घन लावून आणि अनुक्रमण्या करून जे राखलं, त्याच जातीची ही राखण. फरक इतकाच की आपल्याकडे ती जिभेवर होती, त्यांच्याकडे ती समासात आली. भाषा तुटक अरामी, सगळी संक्षेपांत. लेव्हिटाच्या काळी बहुतेक रब्बीसुद्धा ती ओलांडून पुढे जात. त्याने बसून तिची किल्ली तयार केली. 'लिहिलेलं एक, वाचायचं दुसरं' अशा जागा त्याने मोजल्या: तोरात 65, संदेष्ट्यांच्या ग्रंथांत 454, उरलेल्यात 329, एकूण 848. या किल्लीचं नाव 'मासोरेत हामासोरेत', छापली व्हेनिसला 1538 मध्ये. टिंबांच्या वयाची सगळी चर्चा आहे ती या पुस्तकाच्या प्रस्तावनेत.

तोवर सर्वसाधारण समजूत ही की स्वरचिन्हं सिनायवर मोशेला मिळाली, किंवा फार तर एज्रा या शास्त्र्याने, बाबिलोनच्या बंदिवासातून परतल्यावर, पुन्हा घालून दिली. लेव्हिटा म्हणतो, नाही. ताल्मुद पुरा झाल्यावर तिबेरियसच्या मासोराकारांनी ती बसवली. इब्न एज्रा या ज्यू भाष्यकारानेही बाराव्या शतकात चिन्हांचा मान तिबेरियसच्या विद्वानांनाच दिला होता, पण लेव्हिटासारखं सगळं मांडून कोणी दाखवलं नव्हतं.

त्याचे मुद्दे मुद्रितशोधकाचे आहेत, तत्त्ववेत्त्याचे नव्हेत. ताल्मुद इतका अफाट, त्यात शब्दाशब्दावर वाद, पण एकाही स्वरचिन्हाचं नाव त्यात नाही. चिन्हं असती तर कधीतरी कोणी म्हणालं असतं ना, की अहो इथे कामात्स आहे, पाताख नाही? दुसरं, ही नावं मुळात हिब्रूच्या वळणाची नाहीत, अरामीच्या वळणाची आहेत. तिसरं, ताल्मुदातली योआबची गोष्ट. दावीदचा सेनापती योआब अदोममध्ये फक्त पुरुषांना मारून आला. दावीदने विचारलं, असं का? तो म्हणाला, शास्त्रात अमालेकचे 'झाखार', म्हणजे पुरुष, पुसून टाक असं आहे. दावीद म्हणाला, अरे, तिथे 'झेखेर' आहे, म्हणजे आठवण, नामोनिशाण. योआब तडक आपल्या गुरूकडे गेला, त्याने चुकीचं शिकवलं म्हणून. व्यंजनं दोन्हींत तीच. लेव्हिटा विचारतो: पुस्तकात टिंबं असती तर गुरू असं शिकवू शकला असता का, आणि शिष्य फसला असता का?

गोष्ट खरी घडली की नाही हा मुद्दाच नाही. गोष्ट सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुस्तक कसं होतं, एवढं तिच्यातून कळतं. मला हा त्याचा सगळ्यात हुशार मुद्दा वाटतो.

मग टिंबांआधी लोक वाचत कसे होते? याचं त्याचं उत्तर सरळ: गुरूने म्हणायचं, शिष्याने मागून म्हणायचं. मासोराकारांनी नवीन काही घातलं नाही. कानाने आलेलं कागदावर उतरवलं, कारण लोक पांगले होते आणि विसरण्याची भीती होती. वाचन सिनायपासूनचं, यावर त्याची श्रद्धा पक्की होती. म्हणूनच इतकं मोठं विधान त्याला जड गेलं नाही. चिन्हांचं वय हजार-दोन हजार वर्षांनी कमी केलं, तरी त्याच्या लेखी काहीच कोसळत नव्हतं.

इतरांच्या लेखी कोसळत होतं. सेबास्टियन म्यून्स्टर याने पुढच्याच वर्षी बाझेलला हे पुस्तक पुन्हा छापलं आणि प्रस्तावना लॅटिनमध्ये आणल्या. म्यून्स्टरने लेव्हिटाची बरीचशी पुस्तकं अशी ख्रिस्ती वाचकांपर्यंत नेली. (जुन्या जर्मन शंभर मार्कच्या नोटेवरचा टोपीवाला चेहरा त्याचाच.) मग कॅथलिक वादपटू म्हणाले: पाहा, ग्रंथाचे स्वरही माणसांनी ठरवलेले, म्हणजे नुसत्या ग्रंथावर विसंबता येत नाही, अर्थ सांगायला चर्च हवं. प्रोटेस्टंटांची सगळी इमारत नुसत्या ग्रंथावर उभी. लूथरच्या पिढीला टिंबांचं विशेष काही वाटत नव्हतं, पण पुढच्यांना वाटू लागलं. बाझेलचा योहानेस बुक्सटॉर्फ 1620 मध्ये लेव्हिटाविरुद्ध उतरला; 1624 मध्ये लुई कापेल या फ्रेंच प्रोटेस्टंटानेच, निनावी पुस्तक काढून, लेव्हिटाची बाजू आणखी भक्कम केली; 1648 मध्ये बुक्सटॉर्फच्या मुलाने त्याला उत्तर दिलं. शेवटी 1675 मध्ये स्विस चर्चांनी ठरावच केला की हिब्रू ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे, व्यंजनांसकट आणि स्वरांसकट, 'मग ती टिंबं स्वतः असोत किंवा निदान टिंबांची शक्ती'.

ते 'निदान' वाचून मला हसू येतं. टिंबांची शक्ती म्हणजे ती दाखवतात तो उच्चार. लेव्हिटाच्या विधानाचा जो दुसरा भाग सगळ्यांनी टाकून दिला होता, तोच त्याच्या विरोधकांनी 137 वर्षांनी मागच्या दाराने आत घेतला.

ज्यूंच्या बाजूनेही उत्तर आलं. 1570 च्या दशकात मांतुआमध्ये अझारिया दे रॉस्सीने म्हटलं की झोहारमध्ये, म्हणजे कब्बालाच्या मुख्य ग्रंथात, स्वरचिन्हांची नावं आहेत, आणि झोहार तर दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाईचा. म्हणजे चिन्हं जुनी. तर्क चोख, पण तो दुधारी निघाला. चिन्हं जर ताल्मुदानंतरची असतील, तर त्यांची नावं घेणारा झोहारच दुसऱ्या शतकातला नाही! पुढे झोहारच्या प्राचीनतेवर शंका घेणाऱ्यांनी नेमका हाच मुद्दा वापरला. लेव्हिटाने कार्डिनलसाठी कब्बालाच्या पोथ्या उतरवून दिल्या होत्या, हे आठवलं की ही गंमत आणखी रंगते.

मग तो बरोबर होता का? पहिल्या भागात, हो. मृत समुद्राजवळ 1947 पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत एकही स्वरचिन्ह नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम द-ब-र याच तीन अक्षरांबद्दल लिहितो की स्वर नसल्यामुळे त्यांचे दोन अर्थ होतात. कैरोच्या गेनिझातून, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीतून, चिन्हांच्या एकाहून जास्त पद्धती बाहेर आल्या. बाबिलोनी पद्धतीत चिन्हं अक्षरांच्या वर बसतात. सिनायवरून एकच पद्धत आली असती तर हा गोतावळा कुठून आला? तिबेरियसची पद्धत पूर्ण रूपात दिसते ती दहाव्या शतकातल्या आलेप्पोच्या पोथीत आणि साधारण 1008 च्या लेनिनग्राडच्या पोथीत. लेव्हिटाचा काळाचा अंदाज थोडा लवकरचा होता, दिशा बरोबर होती.

दुसऱ्या भागात मात्र तो अर्धाच बरोबर. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने हिब्रू बायबल ग्रीक अक्षरांत उच्चारानुसार लिहवून घेतलं होतं. त्याचे जे तुकडे उरलेत त्यांत 'तुझा' हा प्रत्यय '-आख' असा आहे; तिबेरियन चिन्हं '-खा' सांगतात. पण मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत हा प्रत्यय शेवटी 'हे' अक्षर जोडून लिहिलेला वारंवार दिसतो, म्हणजे '-खा' उच्चारही तितकाच जुना. तिबेरियसच्या लोकांनी वाचन शोधून काढलं नाही. चालत आलेल्या वाचनांपैकी एक उतरवलं. 'चिन्हं खोटी' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच असतं.

सत्तरी ओलांडल्यावर, 1540 मध्ये, लेव्हिटा आल्प्स ओलांडून दक्षिण जर्मनीतल्या इस्नी गावी गेला. पॉल फागिअस या पाद्र्याने तिथे छापखाना काढला होता. दोनेक वर्षांत तिथून त्याची 'तिश्बी' निघाली, 712 शब्दांचा कोश ('तिश्बी' या शब्दाचं अंकमूल्य 712, खोड जात नाही), अरामी भाषांतरांचा कोश निघाला, हिब्रू, यिडिश (युरोपातल्या ज्यूंची बोली), लॅटिन आणि जर्मन अशी शब्दावली निघाली. आणि एक अगदीच निराळी वस्तू: 'बोव्हो-बुख', पादुआत तरुणपणी रचलेलं यिडिश काव्य. इटालियन शूरकथेवर बेतलेलं, आठ ओळींच्या इटालियन कडव्यात, साडेसहाशे कडवी. राजपुत्र, दुष्ट आई, समुद्रप्रवास, सगळं आहे. त्यात तो स्वतःला धार्मिक बायाबापड्यांचा सेवक म्हणवतो. ते शेकडो वर्षं वाचलं गेलं. व्याकरणकार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा सुकलेला चेहरा या माणसाला बसत नाही.

इस्नीला असताना त्याने लिहिलंय की आता व्हेनिसला परत जायचं, म्हाताऱ्या बायकोजवळ, आणि तिथेच मरायचं. तसंच झालं, जानेवारी 1549 मध्ये. त्याचे दोन नातू मात्र पुढे ख्रिस्ती झाले. एक जेझुइट झाला, आणि दुसऱ्याचं नाव 1553 च्या ताल्मुद जाळण्याच्या प्रकरणात ताल्मुदच्या विरोधकांत येतं. आजोबांना टोचणाऱ्या रब्बींना आयतंच कोलीत मिळालं. मला हा निष्कर्ष पटत नाही, पण तो काढला जातो, म्हणून सांगितलं.

आपल्याकडचा एक धागा सांगून थांबतो. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, त्यांच्याकडे शतकानुशतकं हिब्रू पुस्तकं नव्हती. तरी 'शेमा' ही प्रार्थना त्यांच्या तोंडी टिकून होती. टिंबं नाहीत, अक्षरंही नाहीत, नुसता पाठ. पुढे 1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत खास त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. रोममध्ये ज्यू गुरू आणि ख्रिस्ती शिष्य होते. इथे ती जोडी उलटी झाली. पण लवकरच समाजातूनच माणसं उभी राहिली: डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही झाले.

वाचायला सुरुवात करायची असेल तर 'मासोरेत हामासोरेत'ची गिन्सबर्गने 1867 मध्ये लंडनला काढलेली आवृत्ती पाहा, समोरासमोर इंग्रजी आहे. आधी तिसरी प्रस्तावना वाचा, टिंबांचा सगळा वाद तिच्यात आहे. आणि शिकत असाल तर एक करा: टिंबांच्या पुस्तकातून तोराचं एक पान पाठ होईपर्यंत मोठ्याने वाचा, मग तेच पान टिंबांशिवाय लिहून काढा आणि आठवड्याने पुन्हा वाचा. सिनेगॉगमधल्या तोराच्या गुंडाळीवर आजही टिंबं नसतात, आणि शब्बाथच्या सकाळी तिच्यातून वाचणारा आठवडाभर नेमकं हेच करत असतो.